बायोडेटात ‘बोर्ड एलिजिबल’ लिहिलंय, म्हणजे पोरगा पास की नापास?

हा सगळा विषय निघाला एका लग्नाच्या बायोडेटावरून. बेळगावच्या टिळकवाडीत आम्ही राहतो त्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक काकू आहेत, त्यांचा मुलगा इथंच एमबीबीएस करून अमेरिकेला गेला, यंदा जूनमध्ये त्याची रेसिडेन्सी, म्हणजे तिकडचं स्पेशालिस्टचं ट्रेनिंग, संपली आणि आता घरात स्थळं बघायची गडबड सुरू. बायोडेटा त्यानं स्वतःच टाइप करून पाठवला, नावापुढे एमडी, खाली ‘इंटर्नल मेडिसिन, बोर्ड एलिजिबल’. गडहिंग्लजच्या एका स्थळाकडून मुलीच्या मामांचा फोन आला, एलिजिबल म्हणजे नेमकं काय ओ, परीक्षा द्यायची राहिलीय की देऊन उडाली? आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड, एमबीबीएस झाल्यावर लगेच तिकडं गेला म्हणताय, मग एमडी केलं कधी? काकू कागद घेऊन खाली आल्या, "तू हॉस्पिटलात असतोस की रे, सांग बघू."

मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. इथल्या एका खासगी हॉस्पिटलच्या ऑफिसात डॉक्टरांच्या फाइली बघायचं काम करतो. नवीन डॉक्टर जॉइन झाले की डिग्री, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळ्या ओरिजिनल कागदांशी झेरॉक्स ताडून बघायच्या आणि मग कुठल्या डॉक्टरला कुठलं काम करायची परवानगी आहे त्याचा फॉर्म पुढं पाठवायचा. त्यामुळं हे शब्द रोज डोळ्यांखालून जातात. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी डॉक्टर झालंय, किंवा पोरगा-पोरगी तिकडं रेसिडेन्सीला गेलीय, किंवा नुसतं पेशंट म्हणून पाटी वाचायचीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली पायरी : ‘बोर्ड’ म्हटलं की कुठलं बोर्ड ते विचारा

आपल्याकडं बोर्ड म्हणजे दवाखान्याची पाटी, नाहीतर दहावीचं बोर्ड. अमेरिकेत डॉक्टरच्या बाबतीत दोन बोर्डं आहेत आणि सगळा घोळ तिथंच होतो. एक, राज्याचं मेडिकल बोर्ड. कॅलिफोर्नियाचं वेगळं, टेक्ससचं वेगळं. हे सरकारी, आणि ते लायसन्स देतं. लायसन्स नसेल तर डॉक्टरकी करताच येत नाही. पण गंमत म्हणजे त्या लायसन्सवर तू हार्टचा डॉक्टर की हाडांचा असं काही लिहिलेलं नसतं, ते नुसतं डॉक्टरकीचं लायसन्स. दुसरं, स्पेशालिटी बोर्ड. हे सरकारी नव्हे, त्या त्या विषयातल्या डॉक्टरांनीच उभी केलेली स्वतंत्र ना-नफा संस्था, आणि तिचं काम एवढंच की या माणसानं या विषयाचं ट्रेनिंग पुरं केलंय आणि आमच्या परीक्षेत तो उतरलाय असं सांगायचं. ‘बोर्ड सर्टिफाइड’ म्हणतात ते या दुसऱ्या बोर्डाबद्दल.

सगळ्यात जुनं बोर्ड डोळ्यांच्या डॉक्टरांचं, १९१७ सालचं. त्या काळात कोणीही उठून मी डोळ्यांचा स्पेशालिस्ट म्हणून पाटी लावायचा, त्याला आळा म्हणून त्यातल्याच जाणत्या डॉक्टरांनी हे काढलं. १९२४ ला कान-नाक-घशाचं आलं, मग बाकीची, आणि १९३३ ला या सगळ्यांची मिळून एक वरची संस्था झाली, तिचं आजचं नाव अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल स्पेशालिटीज, तिच्याखाली आज २४ बोर्डं आहेत. ज्यांच्या नावापुढे एमडीऐवजी डीओ असतं ते ऑस्टिओपॅथिक कॉलेजचे डॉक्टर, त्यांची स्वतःची वेगळी बोर्डंपण आहेत.

कायद्यानं हे सर्टिफिकेट घ्यायलाच पाहिजे असं नाही, नुसत्या लायसन्सवर दवाखाना चालवता येतो. पण व्यवहारात बहुतेक मोठी हॉस्पिटलं आणि इन्शुरन्स कंपन्या ते मागतात, त्यामुळं ऐच्छिक हा शब्द कागदावरच राहतो.

दुसरी पायरी : एमडी हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थाचा

मामांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. आपल्याकडं एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट पीजी ही प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षं एमडी किंवा एमएस. म्हणजे आपला एमडी हा स्पेशालिस्ट. अमेरिकेत एमडी ही पहिलीच डिग्री, आपल्या एमबीबीएसच्या जागेवरची. त्यामुळं इथून एमबीबीएस करून गेलेली पोरं तिकडं बहुतेक ठिकाणी नावापुढे एमडी लावतात, त्यात लबाडी काही नाही, तिथली पद्धतच ती. पण तोच कागद बेळगावात आणला की वाचणाऱ्याला वाटतं पोरानं एमडी मेडिसिन केलंय. तिसरा प्रकार रशिया वगैरे देशांतून आलेला ‘एमडी फिजिशियन’, तोसुद्धा आपल्याकडं एमबीबीएसच्याच बरोबरीचा, आणि त्यांना इथं प्रॅक्टिससाठी २००२ पासून एफएमजीई ही स्क्रीनिंग परीक्षा पास व्हावी लागते. खानापूर-निपाणीकडची बरीच पोरं तिकडून शिकून आलीत, परीक्षा पास होऊन चांगली प्रॅक्टिस करतायत, त्यांच्या पाटीवरचा एमडी फक्त नीट वाचायचा, एवढंच.

एमडीच्या पुढं ‘आयु.’ असेल तर ते आयुर्वेदातलं पोस्ट ग्रॅज्युएशन. तेही खरंच शिक्षण, पण वेगळ्या शास्त्रातलं.

तिसरी पायरी : ट्रेनिंगची वर्षं मोजा

तिकडं एमडीनंतर जे ट्रेनिंग ते रेसिडेन्सी. इंटर्नल मेडिसिन ३ वर्षं, लहान मुलांचं ३, फॅमिली मेडिसिन ३, बाळंतपणाचं ४, भूलशास्त्र ४, मानसोपचार ४, जनरल सर्जरी ५, हाडांचं ५, न्यूरोसर्जरी ७. हार्टचं करायचं तर इंटर्नल मेडिसिनची तीन झाल्यावर वर आणखी ३ वर्षं फेलोशिप, आणि तिची बोर्डाची परीक्षा परत वेगळी. रेसिडेन्सी साधारण १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते, त्यामुळं जूनमध्ये "पोरगा सुटला बघा" असे फोन आले की समजायचं.

हॉस्पिटलनं दिलेलं रेसिडेन्सी पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट, ते छान फ्रेम करून लावण्यासारखं असतं, सोनेरी शिक्का वगैरे, त्यालाच लोक बोर्डाचं सर्टिफिकेट समजतात. ते ट्रेनिंगचं. बोर्डाचं त्याच्यानंतर, परीक्षा पास झाल्यावर, वेगळ्या संस्थेकडून.

चौथी पायरी : एलिजिबल, सर्टिफाइड आणि मधली फट

आता मामांचा पहिला प्रश्न. ट्रेनिंग पुरं झालं, परीक्षेला बसायला हरकत नाही, पण अजून पास व्हायचाय, तो बोर्ड एलिजिबल. म्हणजे नापास नव्हे. इंटर्नल मेडिसिनची परीक्षा ऑगस्टच्या सुमारास असते, ट्रेनिंग जूनअखेर संपतं, आणि निकाल यायला पुढं दोन-तीन महिने जातात, त्यामुळं त्या मधल्या काळात प्रत्येकजण एलिजिबलच असतो, कितीही हुशार असू दे. ही परीक्षा एका दिवसाची, कॉम्प्युटरवर, पर्याय निवडायच्या प्रश्नांची. सर्जरीवाल्यांना दोन, आधी लेखी आणि ती पास झाल्यावर तोंडी. हाडांच्या डॉक्टरांचं मला सगळ्यात आवडतं, त्यांना लेखी झाल्यावर आधी प्रत्यक्ष प्रॅक्टिस करावी लागते, मग स्वतः केलेल्या ऑपरेशनची यादी बोर्डाकडं द्यायची आणि त्यातल्याच केसेस काढून परीक्षक विचारतात, हा स्क्रू इथं का घातलास, हा पेशंट परत का आला. पाठांतर करून जाणाऱ्याचं तिथं काही चालत नाही.

पण एलिजिबल हा शब्द जन्मभर लावून बसता येत नाही. पूर्वी बसायचे लोक. म्हणून २०१२ पासून वरच्या संस्थेनं मुदत घातली, ट्रेनिंग संपल्यापासून बोर्डाप्रमाणं ३ ते ७ वर्षांच्या आत पास व्हा, नाहीतर एलिजिबल म्हणायचा हक्क गेला. इंटर्नल मेडिसिनला ही मुदत ७ वर्षांची. तेव्हा यंदा सुटलेल्या पोराच्या बायोडेटात एलिजिबल असलं तर काळजीचं कारण नाही, पण पंधरा वर्षं प्रॅक्टिस करणाऱ्याच्या कार्डावर तोच शब्द दिसला तर मग मामांसारखा प्रश्न विचारायलाच पाहिजे.

पाचवी पायरी : तारीख बघा, कारण हे सर्टिफिकेट शिळं होतं

आपल्याकडची एमडीची डिग्री एकदा मिळाली की मिळाली. तिकडं तसं राहिलं नाही. फॅमिली मेडिसिनचं बोर्ड १९६९ ला निघालं ते पहिल्यापासूनच मुदतीचं सर्टिफिकेट घेऊन, तेव्हा दर ७ वर्षांनी परत परीक्षा असायची. इंटर्नल मेडिसिनवाल्यांनी १९९० पासून १० वर्षांची मुदत घातली, त्याच्या आधीचे जे होते त्यांचं मात्र कायमचं राहिलं, म्हणजे जुने सीनियर डॉक्टर आरामात आणि नवीन पोरं परीक्षेच्या रांगेत, यावरून तिकडं भरपूर भांडणं झाली. फी, वेळ, कामाशी संबंध नसलेले प्रश्न, अशा तक्रारी एवढ्या वाढल्या की २०१५ च्या फेब्रुवारीत इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डानं आमचं चुकलं असं जाहीर पत्र काढून माफी मागितली. त्याच वर्षी डॉक्टरांनी एक वेगळं पर्यायी बोर्डपण काढलं, पण ते सगळी हॉस्पिटलं धरतातच असं नाही. आता इंटर्नल मेडिसिनला दहा वर्षांनी मोठी परीक्षा द्या नाहीतर दर तीन महिन्याला घरी लॅपटॉपवर ३० प्रश्न सोडवत राहा, असे दोन रस्ते आहेत.

खरं सांगू, डॉक्टरांची कटकट मला कळते, दिवसभर ओपीडी करून रात्री प्रश्न कोण सोडवणार. पण फाइली बघणारा माणूस म्हणून मला ती मुदतीची तारीख आवडते.

सहावी पायरी : दुसऱ्या सर्टिफिकेटला बोर्ड समजू नका

‘ईसीएफएमजी सर्टिफाइड’ असं लिहिलेलं खूप बायोडेटात असतं. हे अमेरिकेबाहेर शिकलेल्या डॉक्टरांसाठी, रेसिडेन्सीत घुसायच्या आधीचं. कॉलेजचे कागद तपासून, यूएसएमएलई या तिकडच्या लायसन्सच्या परीक्षेच्या पायऱ्या पास झाल्यावर मिळतं. म्हणजे दारातून आत जायचा पास, स्पेशालिस्ट झाल्याची पावती नव्हे. यूएसएमएलईची पहिली पायरी तर २०२२ पासून नुसती पास-नापास झालीय, तिचा स्कोअर कोणी मिरवत असेल तर तो त्याच्या आधीचा.

सातवी पायरी : तिकडचं घरबसल्या तपासा

काकूंच्या पोराचं आम्ही तिथंच, त्यांच्या डायनिंग टेबलावर बसून बघितलं. ‘सर्टिफिकेशन मॅटर्स’ म्हणून वरच्या संस्थेचीच साइट आहे, फुकट, नाव आणि राज्य टाकायचं, सर्टिफाइड असेल तर कुठल्या बोर्डाचं ते येतं. पोराचं नाव आलं नाही, काकूंचा चेहरा पडला, मग सांगावं लागलं की अहो निकाल लागायचाय, आत्ता नाव नसणारच. लायसन्स मात्र त्या राज्याच्या मेडिकल बोर्डाच्या साइटवर दिसलं, नंबर, दिलेली तारीख, संपायची तारीख, आणि त्याच्यावर कुठली कारवाई झालीय का तेसुद्धा. काकूंनी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. पेढ्यांच्या डब्याइतका जपून.

आठवी पायरी : आपल्याकडं याच्या जागेवर काय

भारतात डिग्रीनंतर वेगळं स्पेशालिटी बोर्ड नाही. युनिव्हर्सिटीची एमडी, एमएसची परीक्षा हीच परीक्षा, आणि तिच्यावर डीएम, एमसीएच या सुपर स्पेशालिटीच्या डिग्र्या. पण ‘बोर्ड’ नावाचं आपलंही एक आहे, नॅशनल बोर्ड, १९७५ ला सुरू झालं आणि १९८२ पासून स्वतंत्र. त्याची डिग्री म्हणजे डीएनबी. मेडिकल कॉलेज नसलेल्या चांगल्या हॉस्पिटलांतही तीन वर्षं ट्रेनिंग घेऊन ही करता येते, थिअरी, प्रॅक्टिकल, थिसिस सगळं असतं, कायद्यानं ती एमडी-एमएसच्या बरोबरीची. आमच्याकडं अजून काही जुन्या लोकांना वाटतं डीएनबी म्हणजे हलकं, तसं काही नाही, उलट प्रॅक्टिकलला अनोळखी सेंटरवर जाऊन अनोळखी परीक्षकांपुढं पास होणं सोपं नव्हे. सुपर स्पेशालिटीची असेल तर डीआरएनबी लिहितात, आणि फेलोशिपची एफएनबी.

बघायचं काय, तर डीएनबीच्या पुढं बारीक अक्षरात काही आहे का. थिअरी पास होऊन प्रॅक्टिकल राहिलेले असतात, त्यांची डिग्री अजून व्हायचीय. आणि सहा महिन्यांच्या, वर्षाच्या फेलोशिपा, त्या एफने सुरू होणाऱ्या भारंभार अक्षरांच्या, त्यानं ज्ञान वाढत असेल, पण तेवढ्यावर स्पेशालिस्ट होत नाही. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत सरळ लिहिलंय, त्या शाखेची खास पात्रता नसेल तर स्पेशालिस्ट म्हणवून घ्यायचं नाही, आणि प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर छापायचा. दर ५ वर्षांत ३० तास सीएमई करायचं तेपण त्याच नियमांत. सीएमई म्हणजे नवीन माहितीची लेक्चर्स, दुपारी जेवण असतं, आणि जेवणानंतरच्या लेक्चरला हॉल किती भरलेला असतो ते मी सांगत नाही.

नववी पायरी : इथल्या नंबराची तपासणी, आणि सीमेचा घोळ

या पायरीवर माझीच एक चूक झालीय म्हणून जरा सविस्तर लिहितो. एक डॉक्टर जॉइन झाले, एमडीची कन्व्होकेशन डिग्री हातात, केएमसीचा, म्हणजे कर्नाटक मेडिकल कौन्सिलचा, नंबर हातात, मी टिकमार्क करून फाइल बंद करून सोडली. काही महिन्यांनी इन्स्पेक्शनला फाइल उघडली तर विचारलं, ॲडिशनल क्वालिफिकेशन कुठंय? केएमसीचा तो नंबर एमबीबीएसचा होता. एमडी झाल्यावर ती डिग्री कौन्सिलकडं वेगळी नोंदवावी लागते, त्याचं वेगळं सर्टिफिकेट येतं, डॉक्टर कामाच्या रगाड्यात ते करायचेच राहिले आणि मी विचारायचं राहिलो. डिग्री शंभर टक्के खरी, पण रजिस्टरमध्ये माणूस अजून एमबीबीएसच. त्या दिवसापासून माझ्या चेकलिस्टमध्ये ती ओळ लाल पेनानं लिहिलेली आहे. नवीन एमडी-एमएस झालेल्या पोरांनो, डिग्री मिळाली की पहिलं हे काम करा, हॉस्पिटलात जॉइन व्हायच्या आधी.

आणि आपला भाग सीमेवरचा. चंदगड-गडहिंग्लजचा पेशंट बेळगावला येतो, इथला मिरजेला नाहीतर कोल्हापूरला जातो, डॉक्टरपण दोन्हीकडं फिरतात, शिनोळीच्या पलीकडं महाराष्ट्र आणि अलीकडं कर्नाटक. रजिस्ट्रेशन मात्र राज्यावार. तिकडच्या डॉक्टरचा नंबर एमएमसीचा, म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा असतो, इकडच्याचा केएमसीचा. इकडं नियमित प्रॅक्टिस करायची तर इकडचा नंबर लागतो, म्हणून महिन्यातून दोनदा येणाऱ्या कन्सल्टंटकडंही आम्ही केएमसी मागतो. पेशंटनं तपासताना एका यादीत नाव नाही म्हणून लगेच बोगस म्हणू नका, आधी प्रिस्क्रिप्शनवर नंबराच्या आधी कुठल्या कौन्सिलचं नाव आहे ते वाचा आणि त्या यादीत बघा, नाहीतर देशाच्या मेडिकल रजिस्टरमध्ये बघा, ते नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर आहे.

शोधताना नावानं शोधू नका. पाटील टाकलं तर पाटलांची जत्रा भरते, आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग मराठी घरात एक, कन्नड शाळेच्या दाखल्यावर दुसरं. नंबरानं शोधा. पाटी कन्नडमध्ये असली आणि घरातल्या वयस्कर माणसाला वाचता येत नसली तरी अडत नाही, नंबर प्रिस्क्रिप्शनवर इंग्रजीत असतोच. आणि केपीएमईचा, म्हणजे कर्नाटकातल्या खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचा, नंबर भिंतीवर दिसला तर तो दवाखान्याचा, डॉक्टरचा नव्हे, दोन्ही मिसळू नका.

तिकडून परत आलेल्यांचं काय, हेही विचारतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या पाच देशांची पोस्ट ग्रॅज्युएट पात्रता, त्या देशात त्या विषयात प्रॅक्टिसला चालत असेल तर, आपल्याकडं धरतात. पण आपोआप नव्हे, परत आल्यावर इथल्या कौन्सिलकडं कागद देऊन नोंद करून घ्यावीच लागते. तेव्हा पोरानं परत यायचं म्हटलं तर रेसिडेन्सीचं आणि बोर्डाचं, दोन्ही सर्टिफिकेटं सांभाळून ठेवायला सांगा.

डॉक्टरला तोंडावर विचारायचं कसं, याला लोक फार घाबरतात. माझा अनुभव असा की सरळ विचारलं की सरळ उत्तर येतं. "डॉक्टर, तुमचं एमडी कुठल्या विषयात?" एवढंच. त्यात अपमान काही नाही.

तर गडहिंग्लजला मीच फोन केला, काकूंनी स्पीकरवर लावायला लावला. मामांना सांगितलं, तिथला एमडी म्हणजे आपला एमबीबीएस, त्याच्यावर तीन वर्षं मेडिसिनचं ट्रेनिंग पुरं झालंय, लायसन्स आहे, ऑगस्टात परीक्षा देऊन बसलाय, निकाल यायचाय. मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या पोरीच्या सीएच्या फायनलसारखं झालं की ओ." होय म्हटलं, तसंच समजा. साखरपुडा दिवाळीनंतर धरू म्हणाले, आणि निकालाचा स्क्रीनशॉट आधी पाठवायला सांगितलाय.